अण्णांच्या त्या 'बरं'चं काय करायचं?

पत्र (मोठं होतं, थोडं छाटलंय):

ताई, माझे वडील शाहीर. स्वतः लिहायचे, स्वतःच चाल लावायचे, स्वतःच गायचे. १९८४ ते ८९ मध्ये त्यांच्या तीन कॅसेट निघाल्या, त्यातलं एक गाणं आमच्या भागात अजून जत्रेत वाजतं. अण्णा २०११ ला गेले. यंदा गणपतीत एक मुलगा पत्ता शोधत घरी आला, अण्णांचं रेकॉर्डिंग ज्या स्टुडिओत झालं तिथल्या रेकॉर्डिस्टचा मुलगा. स्टुडिओ कधीच बंद झालाय पण माळा साफ करताना त्याला टेपचे पाच स्पूल मिळाले, खोक्यावर अण्णांचं नाव. दादाच्या मित्राकडे जुनं मशीन होतं त्यावर लावले आणि मोबाईलवर रेकॉर्ड केले. ताई, अण्णांचा एवढा तरुण आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ते जत्रेतलं गाणं अकरा वेळा आहे. त्यातल्या एका टेकला चौथं कडवं आहे, कारखान्याच्या चेअरमनवर, जे कॅसेटमध्ये नाहीच. ते संपल्यावर आतून कुणीतरी म्हणतं, "शाहीर, हे कडवं राहू द्या," आणि अण्णा म्हणतात, "बरं." बस. आणि शेवटच्या स्पूलवर एक गाणं आहे जे कुठंच आलेलं नाही. नुसतं तुणतुणं आणि अण्णा. आईवर आहे. मध्येच थांबतात, परत सुरू करतात, परत थांबतात. आई ७६ वर्षांची आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. दादा म्हणतो खाली बीट टाकून यूट्यूबवर सोडू, अण्णांचं नाव होईल. धाकटी म्हणते अण्णांनी टाकून दिलेलं उकरणारे तुम्ही कोण. दुसऱ्या स्पूलला मशीन चिरकायला लागलं, हेडवर तपकिरी भुकटी पडली. आणि दादाने एक क्लिप भावकीच्या ग्रुपवर टाकूनही झालीय. मी काय करू?
मधली, सातारा जिल्हा

उत्तर:

मधले, सगळ्यात आधी ते मशीन बंद कर आणि दादाच्या मित्राला चहा पाजून मशीनसकट घरी पाठव. रिमिक्स करायचा का, उकरायचं का, ही भांडणं दिवाळीनंतरही करता येतील, तुमच्यात हौसही दिसतेय, पण ती जी तपकिरी भुकटी हेडवर पडली ना ती अण्णांच्या आवाजाचीच आहे. अक्षरशः. टेप म्हणजे प्लास्टिकची लांब पट्टी आणि तिच्यावर डिंकासारख्या एका पदार्थात कालवून बसवलेला लोखंडाच्या ऑक्साइडचा थर, आवाज काय तो त्या थरात असतो. १९७०-८० च्या काळातल्या बऱ्याच टेपांमधला हा डिंक हवेतली ओल पितो, आणि त्या माळ्यावर पस्तीस-चाळीस पावसाळे काढल्यावर किती प्यायला असेल विचार कर. मग तो चिकट होतो, टेप हेडला धरून धरून पुढं सरकते, त्याचाच तो चिरका आवाज, आणि थर खरवडून निघतो. एकदा निघाला की गेला. तुम्ही जितक्या वेळा "परत एकदा ते चेअरमनचं लाव रे" म्हणाल तितक्या वेळा थोडे अण्णा कमी होतील.

याच्यावर उपाय आहे, घाबरू नकोस. जाणकार माणसं अशी टेप ५०-५५ अंशांच्या कोरड्या उबेत काही तास ठेवतात, ओल निघून जाते आणि मग काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. या प्रकाराला बेकिंग म्हणतात आणि हे वाचून दादा वहिनींचा केकचा ओव्हन काढेल याची मला खात्री आहे म्हणून आधीच सांगते, नाही. घरच्या ओव्हनचा काटा कधी कुठं जाईल भरवसा नसतो, आणि सगळ्या टेपांना ऊब चालतही नाही. जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपा असतात (उजेडासमोर स्पूल धरला की आरपार उजेड दिसतो, आणि खराब झाली असेल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो), त्यांचं उबेनं वाटोळं होतं. कुठली टेप कुठल्या जातीची हे ओळखणारा माणूस पाहिजे. गुरुग्रामला आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी म्हणून संस्था आहे, १९८२ पासून लोकसंगीताच्या, शास्त्रीय संगीताच्या टेपाच सांभाळते. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेकडेही रेकॉर्डिंगचा मोठा संग्रह आहे. फोन लाव, मेल टाक, विचार. शाहिराच्या टेपा आहेत म्हटल्यावर निदान जवळपास कुणाकडे जावं एवढं तरी सांगतीलच.

कॉपी करणाऱ्याला म्हणावं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाईल, आणि काहीही 'क्लीन' करायचं नाही. तासाला साधारण २ जीबी होतात, म्हणजे पाच स्पूल एका साध्या पेनड्राईव्हवर मावतील, पण एका पेनड्राईव्हवर विसंबू नकोस, तीन जागी ठेव, त्यातली एक जागा दुसऱ्या गावात.

'क्लीन' वर मी एवढी का अडून बसलेय तर आमच्याकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती, काकांनी १९९० च्या आसपास ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली. मी हौसेनं एका दुकानात कन्व्हर्ट करायला दिली. त्यांनी सीडी दिली, आवाज अगदी स्वच्छ, काचेसारखा. जात्याची घरघरच काढून टाकलेली! नॉइज म्हणून. आजी जणू टीव्हीच्या स्टुडिओत उभी राहून ओव्या म्हणतेय, आणि जात्याचा खुंटा ओढताना तिचा श्वास जिथं तुटायचा ना तिथं आता नुसती पोकळी आहे. कॅसेट परत मागितली तर म्हणे, कन्व्हर्ट झाल्यावर तुम्हाला कशाला लागते, टाकली. मी त्या दिवशी दुकानात उभी राहून रडलेय. तर तुझ्या टेपांवर विजेची जी घुंsss अशी घरघर असेल तीही राहू दे. ती कामाची असते, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ती घरघर मोजून जाणकाराला टेप बरोबर स्पीडला चाललीय का ते कळतं. आणि राग मानू नकोस, पण अण्णांचा आवाज तुला एवढा तरुण वाटला त्यात थोडा वाटा त्या मित्राच्या मशीनचा असू शकतो, मशीन जरा जोरात पळत असलं की माणूस दहा वर्षांनी लहान होतो. खरा आवाज अजून तू ऐकलेलाच नाहीस असं धरून चाल.

आता तुमच्या भांडणाकडे येते. दादा आणि धाकटी दोघं एकच चूक करतायत असं मला वाटतं, दोघांनी जपणं आणि बाहेर काढणं एकाच गाठोड्यात बांधलंय. धाकटीला वाटतं बाहेर काढायचं नाही तर हात कशाला लावा, दादाला वाटतं हात लावलाय तर बाहेर काढलंच पाहिजे. जपायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, तो निर्णय आजच घे. बाहेर काय काढायचं हा दुसरा निर्णय, त्याला दोन वर्षं लागली तरी काही बिघडत नाही. उशीर झाला म्हणून कुणाचं गाणं शिळं होत नाही हे मी एका इंग्रज पोराच्या उदाहरणावरून सांगते, जरा लांबचं आहे पण ऐक.

निक ड्रेक. गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारा, इंग्लंडमधला. जन्म १९४८ चा रंगूनचा, कारण वडील रॉडनी तिथं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते (नावात बॉम्बे आहे म्हणून मला उगाच आपलेपणा वाटतो). वाढला वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या खेड्यात. १९६९ ते १९७२ मध्ये तीन अल्बम, तिन्ही त्या काळात जेमतेम काही हजार खपले. स्टेजवर जायला घाबरायचा, मुलाखती जवळजवळ नाहीतच. मग डिप्रेशन, घरी परत आला, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गोळ्यांच्या ओव्हरडोसने गेला. नाव झालं ते नंतर, आणि खप वाढला तो तर २००० च्या सुमारास एका गाडीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजल्यावर. म्हणजे ऐकणारे ढीगभर आणि ऐकायला तीनच अल्बम, मग लोक माळे धुंडाळायला लागणारच.

या घराची गोष्ट तुमच्या घराशी इतकी जुळते की मला पत्र वाचताना तीच आठवत होती. निक गेल्यावर चाहते त्या खेड्यातल्या घरी यायचे. रॉडनी साधा माणूस, पोराचं गाणं आवडतं म्हणून कुणी एवढ्या लांबून आलंय म्हटल्यावर त्याला घरच्या टेपांची कॉपी करून द्यायचा. त्या कॉपीच्या कॉपी, त्या कॉपीच्या आणखी कॉपी, आणि मग खरखरीत आवाजातली बूटलेग, म्हणजे बिनपरवानगीची रेकॉर्डिंग, वर्षानुवर्षं जगभर फिरत राहिली. तुमच्या भावकीच्या ग्रुपसारखंच समज, फक्त तेव्हा पोस्टानं. शेवटी २००७ मध्ये घरच्यांनी त्याच टेपा नीट करून अधिकृतपणे काढल्या, कारण नाही काढल्या तरी लोक ऐकतच होते, आणि वाईट आवाजात ऐकत होते. निकची बहीण गॅब्रिएल, ती अभिनेत्री आहे, तिनं त्या अल्बमसोबत गेलेल्या भावालाच पत्र लिहिलं, की आजवर तुझ्या नावानं जे केलं त्याला तुझी हरकत नसावी असं वाटायचं, यावेळी तशी खात्री नाही. तिनं खात्री नसताना काढलं आणि खात्री नाही हे अल्बमवरच लिहून टाकलं. मला हे फार आवडतं. धाकटीला हा भाग वाचून दाखव, ती आणि गॅब्रिएल एकाच बाकावरच्या आहेत.

स्टुडिओच्या टेपांची गोष्ट आणखी वेगळी. निकनं १९७४ च्या उन्हाळ्यात शेवटचं रेकॉर्डिंग केलं, त्यातली चार गाणी लोकांना बरीच वर्षं माहीत होती. २००४ मध्ये नवीन संग्रहाची तयारी चालली होती तेव्हा त्याच सेशनच्या टेपवर पाचवं गाणं निघालं. तीस वर्षं ते तिथंच होतं. म्हणून तुलाही सांगते, कॉपी करताना स्पूल शेवटच्या फुटापर्यंत जाऊ दे, मध्ये पाच मिनिटं नुसती खरखर असली तरी. तुमच्या अण्णांचं आईवरचं गाणंही शेवटच्याच स्पूलवर आहे, त्याच्यामागे काय आहे कुणास ठाऊक.

आणि पहिल्या अल्बमच्या, 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट'च्या मागच्या टेपा तर २०२५ मध्ये बाहेर आल्या, चार डिस्क. म्हणजे मूळ अल्बमला ५६ वर्षं झाल्यावर. त्यातली एक टेप मार्च १९६८ च्या अगदी पहिल्या सेशनची, लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओतली, बेव्हर्ली मार्टिन नावाच्या गायिकेनं इतकी वर्षं जपून ठेवलेली. दुसरी केंब्रिजच्या एका कॉलेजमित्राकडची. तुमच्या रेकॉर्डिस्टच्या मुलासारखीच माणसं ही, ज्यांचा गाण्यावर हक्क काही नाही पण ज्यांनी खोकं फेकून दिलं नाही. (त्या मुलाला जेवायला बोलावलंत का? नसेल तर बोलवा, आणि त्याच्या वडिलांचं नाव जिथं कुठं काही निघेल तिथं छापा.)

आता दादाचा रिमिक्स. मी सरसकट नाही म्हणणार नाही, कारण निकच्या बाबतीतही असं झालंय. पहिल्या अल्बमच्या वेळी त्याच्या एका गाण्याला कंपनीच्या ओळखीच्या माणसानं वाद्यवृंद लावला होता, निकला तो पटला नाही, त्यानं हट्टानं केंब्रिजचा आपला मित्र रॉबर्ट कर्बी याला आणलं आणि ते गाणं बाजूलाच पडलं. २००४ मध्ये ते काढताना जुना वाद्यवृंद काढून टाकला आणि कर्बीनं केलेली रचना नव्यानं वाजवून निकच्या १९६८ च्या आवाजाखाली घातली. म्हणजे भर घातली, पण ज्याच्यावर गाणाऱ्यानं स्वतः विश्वास टाकला होता त्या माणसाच्या हातून घातली. तरीही काही चाहत्यांना ते रुचलं नाही. आता दादाला विचार, बीट टाकणारा कोण आहे? अण्णांचे ढोलकीवाले अजून असतील आणि त्यांनी खाली ढोलकी धरली तर मी पहिली ऐकेन. दादाच्या मित्राचा भाचा लॅपटॉपवर डीजेचं बीट टाकणार असेल तर ते दादाचं गाणं झालं, अण्णांच्या नावावर खपवू नका. शिवाय बीटला लय पक्की लागते, आणि शाहीर माणूस शब्दावर जोर द्यायला लय ताणतो, कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला सैल सोडतो, त्याला कंप्युटरच्या ठोक्यात बसवायचं म्हणजे अण्णांनाच कापायला लागणार.

त्या अकरा टेक्सचं मात्र फार मनावर घेऊ नका. बॉब डिलनसारख्या अमेरिकन गायकाच्या एकेका गाण्याचे सगळे टेक विकले जातात, डबेच्या डबे निघतात, आणि कधी कधी तर कारण गाण्याचं नसतंच. युरोपात कायदा असा झाला की पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेलं रेकॉर्डिंग हक्कातून सुटतं, म्हणून २०१२ मध्ये त्याच्या कंपनीनं १९६२ च्या टेपांचा संग्रह साधारण शंभर प्रती छापून गुपचूप दुकानात ठेवला, आणि नावातच कॉपीराइट वाढवायचा संग्रह असं सरळ लिहून टाकलं! तुम्हाला हे असलं काही करायचं नाहीये. अकरा टेक घरच्यांसाठी सोनं आहेत, बाहेरच्याला तिसऱ्या टेकलाच जांभई येईल. कोण चुकलं, कुणावर ओरडले, चहा किती सांगितला, हे नातवंडांना ऐकवा.

पण चौथं कडवं. इथं मी दोन दिवस अडकले. धाकटी म्हणते अण्णांनी टाकून दिलं. टाकून कुणी दिलं हाच तर प्रश्न आहे ना. आतून कुणीतरी म्हणालं राहू द्या, अण्णा म्हणाले बरं. आता आपल्याकडे 'बरं' किती प्रकारचं असतं तुला सांगायला नको. पटलं म्हणून बरं असतं, वाद नको म्हणून बरं असतं, स्टुडिओचा तास भरत आलाय आणि परतीची एसटी चुकेल म्हणूनचं बरं असतं, आणि "तू म्हण, मी माझंच करणार" असंही एक बरं असतं, ते तर प्रत्येक मराठी घरात रोज म्हटलं जातं. नुसत्या टेपवरून ते कुठलं हे मला कळणार नाही, तुला कदाचित कळेल, तू त्या माणसाच्या घरात वाढलीस. नीट कॉपी हातात आली की हेडफोन लावून त्या बरंच्या आधीची शांतता किती लांब आहे ते ऐक.

पण खरा पुरावा टेपच्या बाहेर आहे. एक, अण्णांच्या वह्या काढ. कडवं खोडलंय का, खोडलं असेल तर शाई तीच आहे का, बाजूला काही लिहिलंय का. दोन, अण्णांच्या पार्टीतली माणसं शोध, ढोलकीवाले, झीलकरी, तुणतुण्यावर कोण होतं, त्यांच्याकडे जा आणि लगेच जा, ही माणसं आता ऐंशीच्या घरात असतील. त्यांना एकच विचार, कॅसेट निघाल्यावर जत्रेत अण्णा हे कडवं म्हणायचे का? स्टेजवर दहा वर्षं म्हणत राहिले असतील तर ते कंपनीनं कापलं होतं, अण्णांनी नाही, आणि मग ते बाहेर आणणं म्हणजे उकरणं नव्हे, त्यांचं त्यांना परत देणं झालं. आणि कॅसेटनंतर पुन्हा कधीच म्हटलं नसेल तर धाकटीचं खरं धरा, आणि राहू द्या. कोण सांगावं, एखाद्या पारावर म्हातारा बसलेला असेल त्याला ते कडवं पाठच असेल. निकच्या टेपांचं काम करतानाही साउंड टेक्निक्समधला मूळ इंजिनिअर जॉन वुड होता, जो १९६८ मध्ये काचेपलीकडे बसला होता. खोलीत असलेल्या माणसाला विचारायचं, बाकी सगळे अंदाज.

चेअरमनचं नाव घेतलंय की नुसतं चेअरमन म्हटलंय हेही बघ. नाव असेल तर बाहेर काढण्याआधी वकिलाला दाखव, गेलेल्या माणसाची बदनामी झाली तरी त्याच्या घरचे कोर्टात जाऊ शकतात.

हक्काचंही दोन शब्दांत सांगते, मी वकील नाही पण हे माहीत असलेलं बरं (हे पटलेलं बरं आहे). स्पूल तुमच्या घरी आहेत म्हणून त्यातलं सगळं तुमचं होत नाही. भारतीय कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे अण्णांनी तो कुणाला लिहून दिला नसेल तर तो तुम्हा वारसांचा आहे, सगळ्यांचा मिळून, आईसकट, एकट्या दादाचा नाही. पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो ज्यानं पुढाकार घेऊन रेकॉर्डिंग करवून घेतलं त्याचा, बहुतेक वेळा कॅसेट कंपनीचा. तेव्हा अण्णांच्या कागदांत करारपत्र शोध, साध्या कागदावर तिकीट लावून केलेली सही असली तरी ती घे. स्टुडिओचा तास अण्णांनी स्वतःच्या खिशातून भरला असेल तर चित्र बदलतं, आईवरचं गाणं तसंच असायची शक्यता मला दाट वाटते, कंपनी कशाला तुणतुण्यावरच्या अर्ध्या गाण्याचे पैसे देईल? कागद घेऊन कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा जा, आणि यूट्यूबवर चढवण्याआधी जा, नंतर नाही. दादाला क्लिप ग्रुपवरून डिलीट करायला सांग असं म्हणणार होते, पण ती आता पुण्यातल्या तीन आणि दुबईतल्या एका भाच्याकडे पोचली असणार, सोड. पुढची टाकू नकोस एवढं सांग. आणि त्याच्यावर फार चिडू नकोस गं, रॉडनी ड्रेकनंही तेच केलं होतं, आणि प्रेमानंच केलं होतं.

आता आई. खरं तर पत्रात हीच गोष्ट तू सगळ्यात कमी लिहिलीस आणि मला वाटतं हिच्यासाठीच पत्र लिहिलंस. तुम्ही तिघं भावंडं हक्काचं, नावाचं, रिमिक्सचं बोलताय, दादाच्या मित्रानं ते गाणं ऐकलंय, रेकॉर्डिस्टच्या मुलानं ऐकलं असेल, आणि जिच्यावर आहे तिला अजून पत्ता नाही. भावकीत कुणी बोलून गेलं आणि तिला बाहेरून कळलं तर तू स्वतःला माफ करणार नाहीस. ते गाणं बाहेर काढायचं की नाही यात अण्णा काय म्हणाले असते ते आपल्याला कळायचा मार्ग नाही, ते तर गाणंच पुरं करू शकले नाहीत. पण आई आहे ना अजून. ती म्हणाली नको तर नको, तिथं विषय संपला, दादाचा आणि माझाही. ती म्हणाली लोकांना ऐकू दे तर जसं आहे तसं, थांबण्यासकट, दोन्ही वेळच्या थांबण्यासकट. कुणी हुशार माणूस दोन अर्धे जोडून एक पूर्ण करून देतो म्हणाला तर त्याला हाकला. निकच्या आईचीही गाणी होती माहितेय, मॉली तिचं नाव, पियानोवर स्वतः रचून म्हणायची आणि नवरा घरीच टेप करायचा. त्यांचा अल्बम सगळीकडे पोचला २०१३ मध्ये, मॉली जाऊन वीस वर्षं झाल्यावर. तिला कुणी विचारू शकलं नाही.

घाई अशी की आईला ऐकवायला गुरुग्रामहून टेप परत यायची वाट बघू नकोस. मोबाईलवरचं आहे तेच चालेल, चिरकं असलं, जोरात पळणारं असलं तरी ती ओळखेल. दुपारची वेळ बघ, ती गोळी घेऊन पडते त्याच्या आधी, दादा आणि धाकटी दोघंही घरात असू देत पण आत नकोत. आधी सांग काय आहे ते, एकदम लावू नकोस. हेडफोन नको, तिला कानात काही घातलेलं आवडणार नाही, फोन तिच्या हातात दे आणि बटण कुठलं ते दाखव म्हणजे नको वाटलं तर तिला बंद करता येईल. आणि तिचं व्हिडिओ शूटिंग करू नकोस, दादालाही करू देऊ नकोस. ऐकून झाल्यावर ती काहीच बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली, तर चहा पी. तिला ते गाणं मधेच का थांबलं ते ठाऊक असेल कदाचित. सांगितलं तर मला कळव, नाही सांगितलं तरी कळव.